पिवळी कॅप्सूल

पिवळी कॅप्सूल दिसली, की माझ्या तोंडात रक्ताची चव येते. सुरतेत प्लेग पसरला तेव्हा मी पाच वर्षांची होते. लिंबायतमधल्या मेडिकलचं शटर लोकांनी पहारीनं फोडलं. कापडाच्या लूमवर बाबांच्या शेजारी राबणाऱ्या काकांच्या हाती टेट्रासायक्लिनची पाकिटं लागली. बाबांनी त्यांचं डोकं भिंतीवर आपटून ती हिसकावली. घरी आई म्हणाली, “डाक्टरले इचारा तरी पहिले.” “डाक्टर पळी गया,” म्हणत बाबांनी माझा जबडा दाबला, ओठ फाटेस्तोवर कॅप्सूल घशात कोंबली. साथ ओसरली तरी पाकिटं संपेपर्यंत ते रोज कोंबत राहिले. पुढे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते त्या औषधानं डागळलेले, तपकिरीच. अजून हसताना माझा हात तोंडावर जातो. बाबा तेवढ्यात म्हणतात, “जिती शे ना.”