सीतादही आणि अक्कलदाढ

अक्कलदाढ चाळिशीनंतरही छळते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खालची, डावीकडची, अर्धी हिरडीत गाडलेली. गाल सुजला, तोंड बोटभरच उघडायचं, थुंकी गिळली की कानात कळ. मी गप्प झाले आणि घरातल्या प्रत्येकाला माझ्या दाढेतलं कळायला लागलं.

"मिठाची पोटली तापवून शेक," सासूबाई म्हणाल्या. "पण काढू नको वं. डोये जाते त्यानं."

नवरा म्हणाला, "आता सीतादही आली. बाया सोडून कुठी जाशीन? वेचणी उरकू दे, मंग पाहू."

पहिल्या वेचणीआधी कपाशीत दगड मांडून कुंकू लावायचं, दहीभात शिंपायचा, ही सीतादही. आमच्याकडे पहिला घास सुनेनं खायचा, मगच वेचणाऱ्या बाया ओळीला लागतात. सून मी एकटीच. म्हणून शेकत बसले. शेकून गाल आणखी फुगला.

शेतात घास तोंडात जाईना. दहीभात लुगड्यावर सांडला.

"घे न वं पटकन, बाया खोळंबल्या," नवरा.

सासूबाईंनी बोटानं घास आत लोटला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ताट नवऱ्याच्या हातात दिलं, दातांवर दात ठेवून म्हटलं, "तुमीच खा," आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून चालत रस्त्यावर आले. मिळाली त्या एसटीनं यवतमाळ गाठलं.

दातांची डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. "शेक कुणी सांगितला? आत पू आहे. आणखी थांबला असतात, तर तो गळ्यात उतरला असता." तिनं हिरडीखालचं धुऊन काढलं, गोळ्या दिल्या. सूज उतरल्यावर दाढ काढू म्हणाली. डोळ्यांचा आणि दाढेचा संबंध विचारला तर हसली. मला हसू आलं नाही.

घरी नवऱ्याचा प्रश्न, "काढली नाई? मंग गेलती कायले?" गळ्याचं सांगितलं. तो टीव्हीकडे पाहत म्हणाला, "आता बरं आहे न?"

सूज उतरली. ऐन वेचणीत, कुणाला न विचारता जाऊन दाढ काढून आले. बाया त्यानं सांभाळल्या. जमलं त्याला, न जमायला काय होतं?

सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "दिसते न वं?"

"दिसते. पोटली तुमी डब्यामागं ठेवली, तेही दिसते."

पोटली काढली, गाठ सोडली आणि मीठ वरणात घातलं.