स्फटिक माझ्या खिशात होता

आधीच सांगतो, मी पुसदच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गाडीला लिंबू-मिरची बांधलेली दिसली की मालकाला थांबवून लेक्चर देणारा माणूस. (लोक मला बघून रस्ता बदलतात, ते वेगळं.) तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा... यात माझी अब्रू तशीही जाणार आहे.

परदेशातल्या एका संस्थेनं ठरवलं, की क्वांटमचे प्रयोग मोठ्या शहरांपुरते राहू नयेत, लहान गावांतल्या कॉलेजांना एक किट वर्षभर वापरायला द्यावं. अर्ज मी लिहिला, दोन महिने खपून. किट आलं तेव्हा पत्रावर नाव एकच, आमच्या विभागप्रमुखांचं, गावंडे सरांचं.

"तुमचं नाव राहून गेलं वाटते," ते पेढा देत म्हणाले.

पेढा मी खाल्ला. चांगला होता. खाताखाताच ठरवलं, या माणसाची भर सभेत फजिती करायची.

किटचं काम असं. जांभळा लेझर एका शेंगदाण्याएवढ्या स्फटिकातून जातो. क्वचित एखाद्या प्रकाशकणाचे तिथे दोन जुळे कण होतात, दोन डिटेक्टर ते एकाच क्षणी पकडतात आणि स्क्रीनवर जोड्यांचा आकडा चढतो. स्फटिक नाही तर जुळे नाहीत.

उद्घाटनाला परदेशी शास्त्रज्ञ स्क्रीनवरून बघणार, नेर-मुकुटबनपासूनचे मास्तर येणार. प्रयोग फसला तर किट दुसऱ्या कॉलेजला जाणार होतं. जाऊ दे, म्हटलं.

आमच्याकडे नवीन यंत्राला हळदकुंकू वाहिल्याशिवाय कोणी स्विचला हात लावत नाही. पूजा माझ्याकडे होती. 'कुंकू उडेल' म्हणत मी स्फटिक काढला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला — आणि नंतर बसवायला 'विसरलो'.

नारळ फोडला तो आमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जाधवकाकूंनी. त्यांची नजर मोठी तिखट. "सर, तुम्ही काहून हसून राह्यले?"

"देवाचं काम आहे काकू. प्रसन्न राहावं."

"तुम्ही? देवाचं?"

गावंडे सरांनी स्विच दाबला. मी पहिल्या रांगेत बसलेलो, त्यांचा चेहरा नीट दिसावा म्हणून. शून्य. तीन सेकंद शून्य... काय गोड होते ते तीन सेकंद.

मग बारा. चाळीस. दोनशेच्या वर. सरांनी पोलरायझर, प्रकाश गाळणारी काच, फिरवली तसा आकडा शिस्तीत उतरला, पुन्हा चढला, अगदी पुस्तकातल्यासारखा. टाळ्या. मी खिसा चाचपला. स्फटिक तिथेच.

"आता काहून तोंड पडलं, सर?" जाधवकाकू.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्यानं स्फटिकाशिवाय किट चालवलं. शून्य. बाहेरचा उजेड, वायरिंग सगळं तपासलं. राखीव स्फटिकाची डबीही सीलबंद होती. पुन्हापुन्हा चालवलं, दर वेळी शून्य. स्फटिक बसवला तर फार तर नव्वद.

आठवड्यानं त्या संस्थेचा ईमेल आला — एवढा आकडा या किटमधून निघत नाही, तुम्ही कसा काढला? सरांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"त्यांना पाठवायच्या अहवालावर पहिलं नाव तुमचं टाकू. फक्त कारण लिहून द्या."

हेच तर हवं होतं मला. पण कारण शोधायला बसायचं तर आधी खिशाचं लिहावं लागणार.

"नाही सर," मी म्हटलं, "एवढं मोठं काम. तुमचंच एकट्याचं नाव शोभते."

तेव्हापासून दर मंगळवारी ते शास्त्रज्ञ त्यांना स्क्रीनवर धरतात. मी चहा घेऊन दाराशी उभा राहतो, ऐकताना एक शब्द सोडत नाही. सर घाम पुसत बाहेर येतात. "खरं सांगा, हे कशानं झालं, तुम्हाले माहीत आहे काय?"

"खरंच माहीत नाही, सर."

त्यांना वाटतं मी सूड उगवतोय. उगवतोच आहे. पण त्यांना मी आजवर जे काही बोललो, त्यात एवढं एकच वाक्य खरं आहे.