दुरून ऐकणारा मिस्त्री

हळद पॉलिश करायच्या ड्रमला इंजिन कोणतं घ्यावं, हे विचारायला मी वारंगा फाट्यावरच्या एका मिस्त्रीकडे गेलो होतो. माझं मन पेट्रोलवर होतं. हलकं, दोरी ओढली की सुरू. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "पेट्रोलवालं फवारणीला चांगलं. ड्रम दिवसभर फिरवायचा तर डिझेलच घ्या. हँडल मारताना तकलीफ देईल, पण वझ्याखाली दम सोडणार न्हाई."

मी डिझेलच घेतलं. त्यानं शेतात येऊन ते बसवलं, भरल्या ड्रमावर सुरू केलं आणि आमच्याकडे पाठ करून बांधापर्यंत चालत गेला. तिथं मान खाली घालून उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "बराबर हाय."

"पण तिकडं काहून गेले?" मी विचारलं.

"जवळून नुसता आवाज ऐकू येतो, भाऊ. इंजन दुरूनच ऐकू येतं."

मिस्त्री आता फाट्यावर नाही. कुठं गेला, कुणालाच सांगता येत नाही. दर उन्हाळ्यात मी हँडल मारतो आणि पाठ करून बांधापर्यंत जातो. इंजिन एका लयीत चाललेलं असतं, ते मलाही आता कळतं. तरी मी तिथं थांबतो. "बराबर हाय" एवढं कुणीतरी म्हणावं, असं वाटत राहतं.