मसुरकरांचा मधला पीस

आखातातल्या रुवैसच्या आमच्या क्लबात सदानंद मसुरकर दर गुरुवारी संध्याकाळी गिटार वाजवायचे, आणि दर गुरुवारी कुणीतरी शहाणा उठून त्यांना चुकलात म्हणून सांगायचा. फर्माईश ठरलेली असे. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका रॉक ग्रुपने गाजवलेलं इंग्रजी गाणं. त्याच्या मधल्या पीसमध्ये एक सूर वर चढता चढता अर्ध्यातच निसटतो, आणि लोक त्या निसटण्यावरच जीव टाकतात. मसुरकर मात्र तो सूर नीट वरपर्यंत नेऊन ठेवायचे. "रेकॉर्डमध्ये असं नाहीये," लोक म्हणत. मसुरकर हसून गिटार केसमध्ये ठेवत. "वाजवलं, केस बंद, खलास," हे त्यांचं पालुपद.

दिवसा ते रिफायनरीच्या स्टोअरमध्ये व्हॉल्व्ह द्यायचे. त्याआधी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वाजवत. कीबोर्ड आले, कामं आटली, म्हणून इकडे आले. बायको लवकर गेलेली, त्यामुळे ते आणि मुलगी नेहा बऱ्याचदा आमच्याकडेच जेवायला असत. एकदा आमटी वाढून घेता घेता ते सहज बोलून गेले की तो मधला पीस त्यांचाच. ग्रुपच्या गिटारवाल्याला जमेना, म्हणून यांना बोलावलं. तार खेचताना यांचं बोट घसरलं. यांनी पुन्हा टेक मागितला, तर स्टुडिओची वेळ संपलेली. कव्हरवर फोटो त्या केसाळ पोरांचा, यांचं कुठे नावही नाही. मी भडकले. ते म्हणाले, रिवाजच तसा होता, वहिनी, आणि चुकीवर कसलं नाव मागायचं?

मुलीचं मात्र त्यांना लागायचं. नेहा तेव्हा आठवीत, त्या गाण्याची कॅसेट झिजेपर्यंत ऐकायची. बापाने एकदा सांगून पाहिलं, तर "ओ कम ऑन, पपा!" म्हणून हसत सुटली.

"जगाचं सोडा हो," मला म्हणाले, "घरात तरी कळायला हवं."

मग त्या ग्रुपचा गायक अबू धाबीत कार्यक्रमाला आला. त्यांचा गिटारवाला तोवर वारला होता. साथीला इथलेच वादक घेतले, त्यात मसुरकर. तालमीत यांनी जुनी ओळख दिली, तर त्याने मिठीच मारली. स्टेजवरून तुझं नाव घेतो, हबीबी, म्हणाला. मसुरकरांनी नवा शर्ट शिवला. नेहाला पुढच्या रांगेत बसवायचं काम माझ्याकडे.

त्या मेल्याने काय करावं? गाण्याआधी माइक घेऊन सांगितलं की रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याच्या दिवंगत मित्राचं प्रेम मोडलं होतं, तो सूर निसटत नाही, रडतोय. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मग वादकांकडे हात करून म्हणाला, "आणि हे आपले लोकल बॉईज." पन्नाशी उलटलेले मसुरकर म्हणे बॉईज!

मला वाटलं, आता तरी हे सूर वर नेतील आणि त्याची जिरवतील. छे! त्यांनी तो अर्ध्यावर आणला आणि सोडून दिला. अगदी तसाच, जसा तेव्हा घसरला होता. सगळा हॉल उभा राहिला. गायकाने मित्रासाठी आभाळाकडे बोट केलं.

परतताना गाडीत नेहा पुढे वाकून म्हणाली, "पपा, फायनली यू गॉट इट राइट! एक्झॅक्टली लाइक द रेकॉर्ड."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मसुरकरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"थँक यू, बेटा," म्हणाले.

त्यानंतर ते क्लबात वाजवायला आले नाहीत. पुढे काही वर्षांनी स्टोअरमध्येच छातीत कळ येऊन गेले. शोकसभा क्लबातच झाली. नेहाने तीच कॅसेट लावली. पपांना हे गाणं फार आवडायचं, पण नीट वाजवायला एकदाच जमलं, असं ती रडत रडत म्हणाली. मधला पीस आला, सूर निसटला. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणाले, "काय वाजवलंय हो! आपल्या मसुरकरांना हे कधी जमलं नसतं."