रुख्माबाईचा दुसरा अंगठा

आमच्या दरेकशाच्या रुख्माबाईची गंमत सांगतो. वय त्र्याऐंशी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो म्हणून गावभरचे कागद मी वाचतो. पण हिचा कागद आधी नात दिव्या वाचणार, मग मी. दोघांचं जुळलं तरच चहा!

तिचा बाप जंगलू घाट चढणाऱ्या रेल्वे इंजिनात कोळसा झोकायचा. महायुद्धात त्याला लढाऊ जहाजाच्या बॉयलरवर नेलं. रुख्माबाई तेव्हा पोटात होती. जहाज दूरच्या समुद्रात बुडालं, माणसं आतच राहिली. आईनं तलावाच्या पाळीवर जंगलूच्या नावाचा दगड उभा केला.

गेल्या उन्हाळ्यात बुडालेल्या जहाजांचं काम पाहणाऱ्या भूमिका मॅडम शहरातून आल्या. म्हणाल्या, जहाजाचं लोखंड सडलंय, टाकीतलं तेल झिरपतंय, तिकडच्या ढीवरांच्या जाळ्यात मेलेली मासोळी येते. टाकीला भोक पाडून तेल उपसायचं आहे. पण जहाज म्हणजे कबरच, म्हणून घरच्यांची संमती हवी.

रुख्माबाईनं मॅडमची पिशवी न्याहाळली.

"तेलच काढता ना? का तेलाच्या नावानं लोखंड?"

"आजी, असं का म्हणता?"

"चाल माह्यासंगं."

आम्हाला तलावावर नेलं. "गाळ काढतो म्हणून कंत्राटदार आला. मुरूम नेला, अन् माह्या बापाचा दगडही ट्रॅक्टरात भरून नेला. कागदावर अंगठा माहाच. वाचून कोनं दाखवला? या भाऊनं!"

मी खाली पाहिलं. पाळीवरचे दगड नेण्याची मुभा शेवटच्या पानावर होती, ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. दोघांकडून वाचून घ्यायची तिची रीत तेव्हापासूनची.

या वेळी मात्र दिव्यानंतर मीही मॅडमचा कागद चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरात होतं : सापडलेल्या वस्तू वर आणता येतील.

"घंटा, भांडी वगैरे, आजी. संग्रहालयात आदरानं ठेवतात."

"कंत्राटदारही आदरानंच बोले. काट ते."

"मला तो अधिकार नाही."

"मंग ज्याले हाये त्याले विचारून ये. आता चहा पिऊन जा."

दिवाळीनंतर मॅडम नवा कागद घेऊन आल्या. ते कलम गेलं होतं. दिव्यानं वाचला, मी वाचला. जुळलं.

"माह्या बापाच्या जहाजानं कोनाची मासोळी मरू नये," म्हणत रुख्माबाईनं अंगठ्याला शाई लावली, अन् हात हवेतच थांबला. "भोक बुजवलं का नाई, हे कोन पाहील?"

"व्हिडिओ काढतात, आजी."

"मंग आनखी एक चौकट आख. हा अंगठा तेल काढाले. भोक बुजलं, आतलं आतच हाये, हे मी पाहीन, तवा दुसरा."

मॅडम हसल्या. पट्टी नव्हती, दिव्याच्या मोबाईलच्या कडेनं चौकट आखली, अन् पहिला अंगठा उमटला.

काम अजून चालू आहे, दुसरी चौकट कोरी आहे. रोज सकाळी रुख्माबाई कुंपणावरून विचारते, "भाऊ, बुजलं का?"

"नाई अजून."

मान डोलावते, अन् घरात तोंड करून ओरडते, "दिव्या, तू सांग वं!"