भरलेल्या बोटीचा पंखा

पलीकडच्या काठावरची आमची जमीन का गेली असं कुणी विचारलं, की मी सरळ सांगते, बोटीच्या पंख्यापायी गेली. ऐकणाऱ्याला वाटतं बाई चक्रम आहे. वाटू द्या.

धरण झालं तेव्हा आमची बहुतेक काळी जमीन पाण्याखाली गेली आणि एक तुकडा त्या काठाला उरला. घर या काठाला, डांबरी सडकेजवळ. त्या तुकड्यात मी टमाटे आणि मिरची लावायला घेतली तेव्हा घरचे सगळे हसले होते. मग पीक यायला लागलं तसं हसणं बंद झालं. सासरी बाकीचा सगळा कारभार माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या मुठीत. पण त्या तुकड्याला अख्खं गाव 'धाकटीचा मळा' म्हणायचं. कागदावर नाव कुणाचं का असेना, जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

अडचण होती ती माल इकडे आणायची. पाण्याला वळसा घालून येणारा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, टमाट्याचा गाडीतच रस व्हायचा. जालन्याच्या बाजाराची गाडी सकाळी सडकेवर यायची आणि कुणासाठी खोळंबायची नाही. म्हणून भासऱ्यांनी कुठल्याशा पर्यटनाच्या तलावावरची जुनी पोंटून बोट आणली. दोन लांबलचक ॲल्युमिनियमची पिंपं, त्यांवर सपाट फळ्या, आणि मागे टांगलेलं पेट्रोलचं इंजिन. इंजिन धड होतं, पण खाली पाण्यात फिरतो तो पंखा पार झिजलेला. नवा घेणं भाग होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही जालन्याला गेलो. भासरे, माझा नवरा, जाऊबाई आणि मी. एका इंजिन-दुरुस्तीवाल्याने दोन पंखे मागवून ठेवले होते. एक स्टीलचा, तीन पात्यांचा, आरशासारखा चकचकीत. दुसरा ॲल्युमिनियमचा, काळा रंग दिलेला, चार पात्यांचा, दिसायला अगदीच बिचारा.

मेकॅनिकने पहिलाच प्रश्न विचारला, "बोट रिकामी चालवणार का भरलेली?"

"भरलेली," माझा नवरा म्हणाला.

"मग हा काळा न्या." त्याने समजावून सांगितलं, आणि त्यात अवघड काही नव्हतंच. स्टीलच्या पंख्याला पिच जास्त. एका फेऱ्यात तो बोटीला लांब ढकलायला बघतो, पण माल भरला की तेवढं ढकलायची इंजिनात ताकद नाही, ते दबतं. काळा पंखा एका फेऱ्यात थोडंच ढकलतो, पण इंजिन मोकळं फिरतं आणि ओझं ओढतं. "तुम्ही भरलेली ट्रॉली घाटात टॉप गिअरमधी वढता का?"

भासरे जन्मभर ट्रॅक्टर चालवत आलेले. ते "नाई" म्हणाले. समजलं होतं त्यांना, शंभर टक्के समजलं होतं. मग त्यांनी दोन्ही पंखे हातात तोलून पाहिले, बाजारात बैलाच्या पाठीवर थाप मारतात तशी स्टीलच्या पंख्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हाच बांधा. तो दुसरा टेबलफॅन वाटून राह्यला. गावात सांगून आलो ना मी, इस्टीलचा आणतो म्हणून."

मी नवऱ्याच्या मागेच उभी होते. आमच्यात भासऱ्यांशी धाकट्या भावाची बायको तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं असलं तर नवऱ्यामार्फत सांगायचं. नवरा नसला तर भिंतीला सांगायचं, भासऱ्यांनी ऐकलं तर ऐकलं. मी बारावी झालेली, मोबाइलवर रोज बाजारभाव बघणारी बाई, पण भासरे समोर आले की भिंतीशी बोलते. मी हळूच नवऱ्याला म्हटलं, "काळा घ्या म्हणा नं." तो भासऱ्यांच्या हातातला स्टीलचा पंखा धरायला पुढे झाला. मेकॅनिक भला होता. म्हणाला, "घेऊन जा, माल भरून चालवून बघा. नाही जमलं तर ओरखडा न पाडता परत आणा, बदलून देतो."

माल भरून बघायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, मोटार, सगळ्यांची पूजा होते. जाऊबाईंनी पंख्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, भासऱ्यांनी नारळ फोडला. मग पंखा इंजिनाला चढवला आणि चार जण बसून रिकामी बोट पळवली. ती अशी सुटली की बस. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, भासऱ्यांची छाती फुगली.

पहिल्या तोडणीला टमाट्याचे प्लास्टिकचे कॅरेट बोटीवर भरले आणि इंजिन कण्हायला लागलं. काळा धूर, थरथर, आणि बोट पुढे सरकता सरकेना. निम्म्या पाण्यात आलो तेव्हा सडकेवरून बाजाराची गाडी जाताना दिसली. कॅरेट कमी करून पाहिले, तर फेऱ्या वाढल्या आणि गाडी गेली ती गेलीच. संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला म्हटलं, "पंखा बदलून आणा म्हणावं, माणूस बदलून देतो म्हणला होता." बाहेरून भासऱ्यांचा आवाज आला, "पूजलेली वस्तू परत नेत असतेत का कोणी? कुंकू लागलं त्याले."

नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही तरी बोला." तो म्हणाला, "मोठ्या भावासमोर कसा बोलू वं? घरातले देव काऊन उठवतं तू?"

देव. ज्या पंख्याने माझा माल सडवला त्याला मी देव म्हणायचं. त्या हंगामात टमाटा बहुतेक काठावरच पिकून फुटला. मिरची वाळवून विकायची वेळ आली. मी रोज त्या बोटीत बसून जायची आणि रोज तोंडाला कुलूप लावून परत यायची.

संक्रांतीनंतर भासऱ्यांनी जेवताना जाहीर केलं, "ते जमीन आपल्याले पुरून नाई राह्यली. नुसती दगदग हाय." गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं, बाहेरचा कोणी, सुट्टीतलं घर बांधणारा. मी वाढत होते. नवऱ्याकडे पाहिलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून जेवत राहिला. आठवड्याच्या आत तो सही करून आला. भासऱ्यांचा राग आला तो आलाच, पण नवऱ्याचा जो आला तो आजही गेलेला नाही, आणि मी घालवणारही नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, धरणात बुडालेल्या जुन्या गावातल्या कुठल्याशा जोत्यावर पंखा आपटला आणि एक पातं तुटलं. तुटलं तसं त्याचं देवपण संपलं. नवरा जालन्याला जाऊन तो काळा, चार पात्यांचा पंखा घेऊन आला. बसवायला त्याला चहा निवायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी काठावर धुणं धूत होते. बोट लोखंडी खांब आणि काटेरी तारेची बंडलं लादून निघाली होती. फळ्या पाण्याला टेकतील इतकी ती भरलेली होती, तरी इंजिन एका सुरात चालत होतं, धूर नाही, थरथर नाही. नवरा मागे मोटारीपाशी बसला होता. मला पाहून त्याने बोट जरा काठाजवळ घेतली. तोंडावर असं हसू की जणू माझ्याचसाठी काही केलं.

"पाह्य, भरलेली हाय तरी कशी जाते."

"हाव," मी म्हटलं. "कुठं चाल्ली?"

"तुझ्या मळ्यावर," तो म्हणाला. "घेणाऱ्याईले कुंपण घालायचं हाय."