ओली अहमदच्या घराचं कुंपण

ओली अहमद सुताराला आमच्या निर्वासितांच्या छावणीत सगळे ‘घरवाला’ म्हणतात, आणि म्हणताना हसतात. ताडपत्रीखाली राहणारा माणूस दिवसभर घरं बांधतो, म्हणून. गुडघ्याएवढी घरं, मदतीच्या बांबूतून उरलेल्या कामट्यांची. हसणाऱ्यांचं काय जातं! मी त्याची शेजारीण; आमच्यात एक ताडपत्री आहे आणि तिच्यातून शिंकसुद्धा ऐकू येते. सरहद्दीपलीकडे, मायू नदीकाठच्या आमच्या गावातही आम्ही शेजारीच होतो. त्याच्याबद्दल बोलायचा हक्क असलाच तर मला आहे.

गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. कामाला चोख, बोलायला कंजूष. हो की नाही विचारलं तर खोकून उत्तर द्यायचा. इथे आल्यावर पुष्कळ दिवस तो नुसता बसून होता. रेशनच्या रांगेत त्याची बायको दिलदारच उभी राहायची. मग एका सकाळी त्याने कोयता मागितला. दिलदार घाबरून मला बोलवायला आली. आम्ही जाऊन बघतो तर हा बांबू चिरत बसलेला.

“काय करताय, ओली भाई?” मी विचारलं.

“घर.”

“कुणाचं?”

“आमचं.”

मग रोज नवरा-बायकोची जुंपायची. “चूल तिथे नव्हती,” दिलदार म्हणायची. “तिथे असती तर सगळा धूर माझ्या डोळ्यांत गेला असता.”

“घर बांधलं कुणी? मी की तू?”

“आणि स्वयंपाक केला कुणी?”

चूल हलायची. अशी भांडता भांडता दिलदार हसायला लागली, आणि तिचं हसणं मी विसरूनच गेले होते. घरात सगळं आलं. नखाएवढा पानाचा डबा, झोपायच्या चटया, आणि मागच्या पडवीत पायाने भात कांडायची ढेकी. ती ढेकी रोमिदाची, त्यांच्या एकुलत्या मुलीची. थंडीत पिठ्यांसाठी, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोड वड्यांसाठी, तांदूळ कांडताना ती गायची. इतकी बेसूर, की मी पलीकडून ओरडायचे, “पोरी, पुरे कर, तांदूळ घाबरून आपला आपण पीठ झाला!” ती आणखी जोरात गायची.

सगळ्यात शेवटी ओलीने घराभोवती कुंपण विणलं, पागोळीपर्यंत उंच. घर आत दडून गेलं. आमच्यात घराला कुंपण नसलं तर बाईमाणसाने अंगणात वावरायचं कसं? त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते लुबना आपांना. या ढाक्याहून आल्या होत्या. आमच्या लोकांनी केलेल्या वस्तूंचं तिथे प्रदर्शन भरवायचं होतं. बाई भली, चिखलात बिनतक्रार बसणारी. घर बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. मग म्हणाल्या, “भाई, हे कुंपण तेवढं काढू या का? आतलं काहीच दिसत नाही. लोकांना दिसलं पाहिजे ना, तुम्ही कसे राहत होता ते.”

“असेच राहत होतो,” ओली म्हणाला. “बाहेरून न दिसता.”

त्यांना काय ठाऊक! गावातल्या शेवटच्या वर्षी आम्हाला लष्कराचा हुकूम आला होता की सगळ्यांनी आपापली कुंपणं काढा. म्हणे आत माणसं लपतात. गावाने ओलीलाच पुढे केलं. त्याने आधी स्वतःचं कुंपण काढलं, मग माझं, मग इतरांचं. कोणत्या घरात कोण आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायांना दिसायला लागलं. ढेकीवर उभी राहिलेली रोमिदाही दिसायची. पावसात ते गावात शिरले तेव्हा ओलीच्या घरात सरळ गेले. पुढचं दिलदार सांगत नाही, मीही सांगणार नाही. आम्ही सरहद्दीची नदी ओलांडली तेव्हा रोमिदा आमच्याबरोबर नव्हती.

आपा गेल्यावर मला वाटलं, दिलदार नवऱ्याच्या बाजूने बोलेल. ती उलट उसळली. “ढेकी केलीत कशाला मग? कुणी बघायची ती? माझी मुलगी होती, हे त्या शहरात एका तरी माणसाला कळू दे.”

“कुंपण राहील,” ओली म्हणाला आणि खोकला.

शेवटी घर कुंपणासकट गेलं. नेताना आपा म्हणाल्या, “घरातल्यांना विचारल्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही.” ओलीला तेवढं पुरलं.

प्रदर्शन सुरू झालं आणि दिलदारच्या फोनवर फोटो आला. मी तिथेच होते. घर उंच मेजावर ठेवलेलं, वर दिवा, भोवती माणसं. कुंपण नव्हतं. ओलीने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

“कुणाला विचारून काढलं?”

“मला विचारून,” दिलदार म्हणाली. “आपांचा फोन आला होता. मी काढा म्हटलं.”

त्याने फोन खाली केला. मला उठून जावंसं वाटलं.

“तू?”

“हो, मी. तेव्हा तुम्ही काढलंत, मला विचारलं होतंत? मी तांदूळ निवडत होते, समोरून कुंपण गेलं. विचारलं असतंत तर मी काढू नका म्हणाले असते. या वेळी मला विचारलं, आणि मला ती लोकांना दिसायला हवी होती.”

इतक्या वर्षांत हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. मला ओलीची कीव आली, पण तिचा राग आला नाही. तो पुन्हा फोटोत बघायला लागला. ढेकीजवळ कुणी परकी मुलगी वाकून उभी होती, हात पाठीमागे बांधून.

“ही असे हात का बांधून उभी आहे?”

“हात लावायचा नाही तिथे. आपा सांगत होत्या, तशी पाटी लावली आहे,” दिलदार म्हणाली.

“आणि पाटी लावली की कुणी हात लावत नाही?”

“नाही लावत.”

 मग ओलीने विचारलं, अगदी हळू, एखादं माप विचारावं तसं, “मी कुंपण काढलं, तेव्हा तशी पाटी लावली असती तर?”

“त्या शिपायांना वाचता येत होतं, रोमिदाचे अब्बा; वाचूनही आत आले असते,” दिलदार म्हणाली, आणि तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.